पेशंटला तालुक्याच्या कॅज्युअल्टीत पहिल्यांदा नेताना, आणि तिथून 'पुढे न्या' म्हणाले तर

तालुक्याच्या गावात राहतो, त्यामुळे गेल्या बारा-चौदा वर्षांत घरची, भावकीतली, गल्लीतली मिळून किती माणसं रात्री-अपरात्री सरकारी दवाखान्यात नेली त्याचा हिशोब राहिला नाही. आता कुणाच्या छातीत कळ आली की आधी मला फोन येतो, डॉक्टरला नंतर. फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

निघताना चालू गोळ्यांची पिशवी अख्खी उचला, नावं आठवत बसू नका. जुनी फाइल, आधार, रेशनकार्ड, चार्जर. बरोबर दोनच माणसं, एक पेशंटपाशी आणि एक पळापळीला, टमटम भरून भावकी नेली तर सिस्टरला पेशंटपर्यंत पोचता येत नाही.

कुठे न्यायचं? "इथं काय ठेवलंय, डायरेक्ट जिल्ह्याला न्या" असं सांगणारा एक तरी शहाणा प्रत्येक दारात उभा असतोच आणि त्याला स्वतः गाडीत बसायचं नसतं. साप चावलाय, औषध प्यायलंय, छातीत दुखतंय, श्वास लागलाय, तर आधी जवळचं हॉस्पिटल, बास. सापाची लस ग्रामीण रुग्णालयात ठेवलेली असते, ती सोडून दोन तास गाडीत घालवायचे म्हणजे विषाला दोन तास मोकळं रान. (साप मारून पिशवीत घालून आणू नका, करकचून दोरी बांधू नका, चावल्याची वेळ तेवढी लक्षात ठेवा.) आणि लहान गावाला नाक मुरडणाऱ्यांसाठी सांगतो, विंचवाच्या विषावर प्राझोसिनची गोळी चालते हे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडला बसून दाखवून दिलं, त्या आधी कोकणात लाल विंचू चावून पोरं पटापट जायची. 

अपवाद एकच, लकव्याचा. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर सीटी स्कॅन लागतोच, कारण मेंदूत गुठळी आहे का रक्तस्राव ते त्याशिवाय कळत नाही, आणि गुठळीचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून लकव्यात निघायच्या आधी फोन करून विचारा, सीटी आहे का आणि आत्ता चालू आहे का. दोन्ही विचारा.

पोचल्यावर ट्रॉलीसाठी मामांना (वॉर्डबॉयला) हाक मारा, केसपेपर दुसऱ्या माणसाने काढायचा. आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसकट सगळं मोफत आहे. डॉक्टरशी एकानेच बोलायचं आणि सुरुवात वेळेपासून करायची, "साडेअकराला जेवून झोपले, दीडला घाम फुटून उठले" असं, परवा कुणाशी भांडण झालं तिथपासून नको. औषध प्यायलं असेल तर बाटली किंवा पुडा न्या आणि लाजेखातर "अन्नातून काहीतरी झालं" असं खोटं सांगू नका, उतारा कशावर द्यायचा ते बाटलीवरच ठरतं. अपघात, विष, भाजणं यात एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) होते, पोलीस येऊन जबाब घेतात, त्याला घाबरायचं कारण नाही. पण पोलीस येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने 1989 सालीच सांगून ठेवलंय.

इथपर्यंत कुणालाही जमतं. लोक गडबडतात ते पुढच्या एका वाक्यावर, "यांना पुढे न्यावं लागेल."

मीही गडबडलोय. आमच्या काकांच्या वेळी रात्री ईसीजी काढला, डॉक्टर म्हणाले अटॅक आहे, पुढे न्यावं लागेल, आणि मी 'पुढे' एवढंच ऐकलं. ते बिचारे गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनबद्दल काहीतरी सांगत होते, सही मागत होते, मला वाटलं वेळ काढतायत, मी काकांना उचलून जीपमध्ये घातलं आणि ईसीजीचा कागद तिथंच टेबलावर राहिला. बासष्ट किलोमीटर, मधे घाट. खाली एका मोठ्या पाटीच्या हॉस्पिटलात शिरलो, त्यांनी परत ईसीजी काढला, डिपॉझिटचं विचारलं आणि मग कळलं की अँजिओप्लास्टी (हृदयाची बंद झालेली नळी उघडणं) करणारे डॉक्टर त्या रात्री गावातच नाहीत. तिथून तिसरीकडे. काका वाचले, पण हृदयाचा जो भाग त्या तीन तासांत गेला तो गेला, आता एक जिना चढताना दोनदा थांबतात. तिथले डॉक्टर नंतर म्हणाले, ते इंजेक्शन वरच घेऊन आला असतात तर बरं झालं असतं.

तेव्हापासून रेफर म्हटलं की मी जागचा हलत नाही, आधी दोन प्रश्न विचारतो. पहिला, "डॉक्टर, इथं नेमकं काय नाही म्हणून पाठवताय?" उत्तर एका शब्दाचं असतं, व्हेंटिलेटर, सर्जन, रक्त, सीटी, अँजिओप्लास्टी, आणि कुठल्या हॉस्पिटलला जायचं ते त्या शब्दावर ठरतं, मेहुण्याच्या ओळखीवर नाही. दुसरा, "निघायच्या आधी इथं काय देता येईल?" हा प्रश्न विचारल्याने मी किमान तीनदा पेशंट अर्धा तास उशिरा पण सलाईनची लाइन लावून, ऑक्सिजन चालू करून, पहिला डोस देऊन नेलाय, आणि तिन्ही वेळा तो अर्धा तास वसूल झाला. अटॅकचं इंजेक्शन बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत असतं, ते जितकं लवकर तितकं बरं. रक्तस्रावाचा धोका असतो म्हणून सही घेतात, तुम्हाला फसवायला नाही. डॉक्टर नको म्हणाले तर का नको ते विचारा, कारण असतं.

मग फोन. "बेड आहे का" हा बिनकामाचा प्रश्न आहे, बेड सगळ्यांकडे असतो. विचारायचं असं, "अटॅकचा पेशंट आहे, वय 61, दीड तासात पोचतोय, अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर आत्ता येऊ शकतात का?" इथल्याच डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांशी बोलावं म्हणून हात जोडा, वेळ पडली तर गयावया करा, त्या दोन मिनिटांच्या फोनने तिकडे तयारी होऊन राहते. याच फोनवर महात्मा फुले योजना (सरकारची मोफत उपचारांची) चालते का, आणि *याच आजाराला* चालते का तेही विचारून घ्या. कव्हर कुटुंबाला 5 लाखांचं आहे, पण योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात प्रत्येक उपचार बसतोच असं नाही. पोचल्यावर आधी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा तिथला माणूस, गाठायचा, बिल झाल्यावर नाही.

गाडी 108 चीच मागा. 2014 पासून आहे, फुकट आहे, आत डॉक्टर असतो, आणि ती फक्त घरून आणायला नाही, एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात न्यायलाही येते. गेटवर उभा असलेला खासगी अँब्युलन्सवाला "मी नेतो ना चांगल्या ठिकाणी" म्हणाला तर गाडी घ्या हवी तर, पण ठिकाण तुम्ही सांगायचं, त्याचं चांगलं ठिकाण कुठलं आणि का, ते आपण समजून घ्यावं.

आणि चिठ्ठी. चिठ्ठीशिवाय दार ओलांडायचं नाही. तिच्यावर बीपी, दिलेली इंजेक्शनं आणि प्रत्येकासमोर *वेळ* आहे का ते उभ्या उभ्या वाचा, नसेल तर सिस्टरकडून लिहून घ्या. गुठळीचं इंजेक्शन देऊन झालंय हे पुढच्याला कळलंच नाही तर तो परत देईल आणि मग रक्तस्राव आवरणार नाही. ईसीजी आणि चिठ्ठी दोन्हींचे फोटो काढून मागे राहणाऱ्या माणसाला पाठवा, ईसीजीचा कागद तसाही काही महिन्यांत फिका पडतो.

वाटेत पेशंटला चहा-पाणी काही नको, ऑपरेशन लागलं तर अडचण होते. पोचलात की चिठ्ठी काउंटरवर नाही, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरच्या हातात द्या. झेरॉक्स त्यांना, मूळ कागद तुमच्याकडे.