दुकानाचं दरपत्रक दोनशे पार्ट्यांपर्यंत पोचवायचं कसं, एक्सेलपासून व्हॉट्सॲपपर्यंत

मी सातारा भागातल्या एका स्टेशनरीच्या होलसेल दुकानात ऑफिस बघते, वह्या, पेन्सिली, कंपास पेट्या, फाइली, असा सगळा माल, साधारण साडेसहाशे आयटम आणि फलटण, कोरेगाव, वाई, पाटण असे पसरलेले दोनशेच्या वर दुकानदार, म्हणजे आमच्या भाषेत पार्ट्या. दर महिन्याला रेट लिस्ट काढायची आणि सगळ्यांना पाठवायची हे माझं काम. बऱ्याच जणींनी विचारलं की तुम्ही नेमकं कसं करता, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, कारण आमच्याकडे हे बसवायला दोन वर्षं गेलीत आणि तुमची तेवढी जाऊ नयेत.

पहिली गोष्ट म्हणजे दर एकाच ठिकाणी राहिला पाहिजे. आमच्याकडे पूर्वी शेठच्या वहीत एक दर, बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा, मार्केटला जाणाऱ्या पोरांच्या मोबाइलमध्ये मागच्या महिन्याच्या लिस्टचा फोटो, आणि दुकानदार म्हणणार "ताई, तुमच्याच माणसाने हा रेट सांगितला". भांडण कुणाशी करणार? म्हणून एक एक्सेल फाइल करायची, तिला आम्ही मूळ फाइल म्हणतो, आणि दर बदलायचा तर फक्त तिथेच. बाकी पीडीएफ, छापील कागद, व्हॉट्सॲपचा मेसेज, सगळं तिच्यातून निघालं पाहिजे, हाताने कुठेही परत टाइप करायचं नाही.

या मूळ फाइलमध्ये आमच्या तीन शीट आहेत. पहिली मालाची: आयटम कोड, नाव, कंपनी, पॅकिंग (डझन की ग्रोस म्हणजे बारा डझन की बंडल), एचएसएन (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराला असलेला कोड), खरेदी दर, विक्रीचा मूळ दर, एमआरपी. दुसरी कराची, त्यात नुसता एचएसएन आणि समोर जीएसटीचा टक्का. तिसरी पार्ट्यांची: नाव, गाव, मोबाइल, ईमेल, गट. मालाच्या शीटमध्ये कराचा टक्का हाताने लिहायचाच नाही, तो व्हीलुकअपने (कोड दुसऱ्या शीटमध्ये शोधून त्याच्या समोरचा आकडा आणणारा फॉर्म्युला) कराच्या शीटमधून यायला हवा, आणि करासकट दर फॉर्म्युल्यानेच निघायला हवा. एचएसएनचा कॉलम मात्र दोन्ही शीटमध्ये टेक्स्ट फॉरमॅटमध्येच ठेवा, एकीकडे नंबर आणि दुसरीकडे टेक्स्ट असलं की व्हीलुकअपला तो सापडतच नाही आणि तुम्ही तासभर स्क्रीनकडे बघत बसता.

याचा फायदा किती ते सप्टेंबर २०२५ मध्ये कळलं. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, वह्या आणि पेन्सिली १२ टक्क्यांवरून शून्यावर, खोडरबर ५ वरून शून्यावर, कंपास पेटी १२ वरून ५ वर. म्हणजे २५ रुपये मूळ दराची वही आधी करासकट २८ ला पडायची ती २५ ला आली. आम्ही कराच्या शीटमध्ये वह्यांच्या ४८२० समोर, पेन्सिलींच्या ९६०९ समोर टक्के बदलले आणि शेकडो ओळींचे दर जागच्या जागी बदलले. काही कंपन्यांनी मूळ दरही हलवले होते ते वेगळे भरावे लागले, पण एका दुपारीत लिस्ट तयार होती. ओळखीतल्या एका दुकानात करासकट दर हाताने टाइप केलेले होते, त्यांची दोन माणसं चार दिवस कॅल्क्युलेटर घेऊन बसली होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे माझ्याकडून झालेलं आहे म्हणून कळकळीने सांगते. मूळ फाइल कुणालाही पाठवू नका. सुरुवातीला मी काय करायचे, खरेदी दराचा कॉलम हाइड करायचा आणि तीच एक्सेल व्हॉट्सॲपवर टाकायची. दिसत नाही म्हणजे नाही असं वाटायचं. एका दुकानदाराच्या मुलाने कॉलमवर राइट क्लिक करून अनहाइड केलं आणि दुसऱ्या दिवशी त्या काकांचा फोन, "ताई, शंभर पानी वही तुम्हाला कितीला पडते ते बघितलं बरं का आम्ही". त्या पार्टीला पुढचा अख्खा सीझन जवळजवळ खरेदी दरात माल द्यावा लागला, शेठ मला एक शब्द बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. तेव्हापासून आमचा नियम असा की बाहेर जाणारी लिस्ट ही वेगळी फाइल, तिच्यात खरेदी दराचा कॉलम कधी आलेलाच नसतो, दर पेस्ट करताना पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज निवडायचं म्हणजे फॉर्म्युलेही मागे राहतात, आणि बाहेर जाते ती फक्त पीडीएफ. कुणाला एक्सेलच हवी असेल तर आधी फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट हे चालवून बघा, लपलेल्या ओळी, कॉलम, शीट असतील तर ते दाखवतं.

पीडीएफ काढायच्या आधी पानाची मांडणी. आपण ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर बघतो म्हणून ए-फोर आडवं पान आणि अकरा कॉलम चांगले वाटतात, पण दुकानदार गिऱ्हाईक समोर उभं असताना एका हाताने मोबाइलवर बघतो, त्याला ते मुंग्यांसारखं दिसतं. आम्ही ए-फाइव्ह उभं पान घेतलं आणि पाचच कॉलम ठेवले: नाव, पॅकिंग, दर, कर, एमआरपी. पेज लेआउटमध्ये साइझ बदला, प्रिंटच्या सेटिंगमध्ये फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज करा, आणि प्रिंट टायटल्समध्ये जाऊन रोज टू रिपीट ॲट टॉप मध्ये हेडिंगची ओळ द्या. फ्रीझ पेन्स केलं की झालं असं बरेच जण समजतात, ते फक्त स्क्रीनपुरतं असतं, छापताना दुसऱ्या पानापासून हेडिंग गायब आणि मग दर कुठला आणि एमआरपी कुठली यावरून घोळ. फुटरमध्ये पान नंबर आणि "दिनांक अमुकपासून लागू" हे प्रत्येक पानावर यायला हवं, नुसतं पहिल्या पानावर नाही, कारण लोक एकाच पानाचा स्क्रीनशॉट पुढे पाठवतात.

मराठी फॉन्टचं वेगळं सांगायला हवं. आमची जुनी लिस्ट युनिकोडच्या (सगळ्या मोबाइल-कॉम्प्युटरवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती, त्यात आतमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो, म्हणून तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. पीडीएफ केली तरी दिसायला मराठी पण सर्चमध्ये "वही" टाकलं की काहीच सापडत नाही. कन्व्हर्टरने सगळं एकदा युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांनी वाचा, रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, आमच्याकडे "कार्बन" आणि "मार्कर" दोन्हीचे रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले होते. फॉन्ट म्हणाल तर विंडोजमधला मंगल किंवा निर्मला चालतो, मला मात्र मुक्ता आवडतो, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे आणि बारीक साइझलाही वाचता येतो. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये नावं घालायला सीएसव्ही (नुसत्या मजकुराची, स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली फाइल) करावी लागली तर सेव्ह ॲजमध्ये सीएसव्ही यूटीएफ-८ हाच प्रकार निवडा, साध्या सीएसव्हीत मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

फाइलचं नाव "नवीन लिस्ट फायनल २" असं ठेवू नका. दरपत्रक-२०२६-०५-०१ असं वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ठेवलं की फोल्डरमध्ये आपोआप ओळीने लागतात आणि दुकानदारालाही नावावरूनच कळतं कुठली ताजी.

पाठवायचं कसं? ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये एक जण "मला तर दोन टक्के जास्त सूट आहे" असं लिहून बसला की संपलं. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो, एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, हे लक्षात न घेतल्यामुळे आमचे कितीतरी दुकानदार महिनोन्महिने लिस्टपासून वंचित होते आणि आम्ही समजत होतो की त्यांना माल नकोय. आता नवी पार्टी आली की माल उतरवतानाच आमचा माणूस त्यांच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून देतो. कुणाला किती सूट त्याप्रमाणे गट अ, ब, क अशा तीन लिस्ट आणि तीन पीडीएफ. पाठवायच्या आधी ती पीडीएफ ऑफिसातल्या सगळ्यात साध्या मोबाइलवर उघडून बघायची, आणि चुकीची गेली असेल तर डिलीट फॉर एव्हरीवन दोन दिवसांपर्यंत चालतं, पण तोपर्यंत ज्याने डाउनलोड केली त्याच्याकडे ती राहू शकते, म्हणून लगेच दुरुस्तीचा मेसेज टाका, गप्प बसू नका.

ईमेलवाल्यांना, म्हणजे शाळा आणि संस्थांना, सगळे पत्ते बीसीसीमध्ये, म्हणजे एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० पत्त्यांपर्यंतच पाठवता येतं आणि फाइल २५ एमबीपर्यंत, आपली लिस्ट एवढी मोठी नसतेच, पण कॅटलॉगचे फोटो घातले तर होते.

सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती ही: गूगल ड्राइव्हवर पीडीएफ ठेवली, शेअरमध्ये एनीवन विथ द लिंक आणि व्ह्यूअर केलं, आणि त्या लिंकचा क्यूआर कोड बिलाच्या खाली छापला. आम्ही इथे सूट न धरलेला साधा दर ठेवतो, कारण ही लिंक कुणाच्याही हातात जाऊ शकते. पुढच्या महिन्यात नवी फाइल वेगळी टाकायची नाही, जुन्या फाइलवर राइट क्लिक करून मॅनेज व्हर्जन्समध्ये जाऊन अपलोड न्यू व्हर्जन करायचं, लिंक तीच राहते, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच्या बिलावरचा क्यूआर स्कॅन केला तरी आजचाच दर दिसतो.

सीझनच्या आधी, एप्रिलच्या शेवटी, आम्ही प्रत्येक पार्टीला नावानिशी पत्र देतो, मागची बाकी, यंदाची सूट, ऑर्डर कधीपर्यंत द्यायची. हे वर्डच्या मेल मर्जने होतं, म्हणजे पत्र एकच लिहायचं आणि नाव-आकडे एक्सेलमधून प्रत्येकाचे आपोआप येतात. मेलिंग्ज टॅबमध्ये सिलेक्ट रेसिपियंट्समधून पार्ट्यांच्या शीटचीच एक प्रत, बाकी आणि सूट हे दोन कॉलम जोडून, निवडायची आणि नाव, गाव, बाकी जिथे हवं तिथे मर्ज फील्ड घालायची. एक अडचण सगळ्यांना येते, एक्सेलमध्ये ५ टक्के दिसतं आणि पत्रात ०.०५ उमटतं, किंवा रुपयांच्या मागे दशांशाची शेपटी लागते. एक्सेलमध्येच टेक्स्ट फंक्शनने वेगळा कॉलम करून हवा तसा आकडा तयार करा आणि तोच कॉलम पत्रात घ्या. लगेच प्रिंट देऊ नका, एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स करून पहिलं, मधलं आणि शेवटचं पत्र त्या पार्टीच्या येणं-बाकीच्या खात्याशी ताडून बघा, एका पार्टीची बाकी दुसरीच्या पत्रात गेली तर नातं तुटतं.

आणि कागद बंद करू नका. आमचे चाळीसेक दुकानदार वयस्कर आहेत, ते लिस्ट गल्ल्याशेजारी खिळ्याला अडकवतात. त्यांच्यासाठी ए-फाइव्हची दोन पानं एका ए-फोरवर छापून मार्केटच्या पोरांबरोबर पाठवतो, आणि पोरांना सांगून ठेवलंय की नवी लिस्ट अडकवताना खिळ्यावरची जुनी काढून परत आणायची, किती परत आल्या ते मी संध्याकाळी मोजते.