घरच्या स्टुडिओसाठी मिडी कीबोर्ड निवडताना

मिडी कीबोर्डाला स्वतःचा आवाज नसतो. कोणती पट्टी किती जोराने दाबली असे संदेशच तो पाठवतो आणि प्रत्यक्ष ध्वनी संगणकातील सॉफ्टवेअर निर्माण करते. म्हणून जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला घरातल्या खोलीत अहिराणी गाणी ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्याने दुकानात सर्वप्रथम पट्ट्यांचा स्पर्श पारखावा.

पट्टी किती जोराने दाबली हे १ ते १२७ अशा अंकांत नोंदले जाते. कीबोर्ड संगणकाला जोडून एकच पट्टी हळू, मध्यम आणि जोरात दाबून पाहावी. मग शेजारच्या पट्ट्या त्याच जोराने दाबाव्यात. आवाज असमान आला, तर कीबोर्ड कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

पेटी वाजवणाऱ्याला साधारण तीन सप्तके पुरतात, त्यामुळे ३७ पट्ट्यांत बरेच काम भागते. मात्र डाव्या हाताने खर्ज आणि उजव्या हाताने चाल वाजवायची असल्यास ४९ किंवा ६१ पट्ट्या घ्याव्यात. ८८ पट्ट्यांची गरज मुख्यतः पियानोवादकांना असते. २५ बारीक पट्ट्यांवर पेटीची सवय असलेली बोटे अडखळतात, असे माझे मत आहे.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, घेण्यासाठी पिच बेंडचे, म्हणजे स्वर वरखाली वाकवणारे, चाक हवेच. त्याची कक्षा बहुधा दोन अर्धस्वरांची असते, पण ती सॉफ्टवेअरमध्ये वाढवता येते. ढोलकीचे ठेके बोटांनी भरायचे असतील, तर पॅड, म्हणजे बोटांनी ठोकायची चौकोनी बटणे, असलेला कीबोर्ड निवडावा.

यूएसबीवरच चालणारा कीबोर्ड लॅपटॉपच्या बॅटरीवर वीज गेल्यावरही चालू राहतो. उन्हाळ्यातील धुळीसाठी झाकण सोबतच घ्यावे.