चौराह्यावर वळणाऱ्या गाड्या आणि आपली सायकल: इंदुरात चालवताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात महू नाक्याच्या थोडं अलीकडे मी एका कारच्या मागच्या दारावर सायकलसकट जाऊन आदळलो. चूक कोणाची म्हणाल तर कारवाल्याची, त्यानं मला ओव्हरटेक केलं आणि लगेच डावीकडे गल्लीत वळला, इंडिकेटर दिला तोही अर्धी गाडी वळल्यावर. रात्री कोपराला हळद लावून बसलो होतो आणि त्याला शिव्या घालत होतो, तेव्हा बाबा (त्यांची अख्खी नोकरी मिलच्या पाळीला सायकलनं जाण्यात गेली) एवढंच म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण तू गटाराच्या झाकणांवरून का चालवत होतास?"

राग आला, पण नंतर राजेंद्र नगर ते पलासिया रोज येता-जाता लक्ष द्यायला लागलो, तर दिसलं की आपण सायकलवाले सरळ रस्त्यावर ठीकठाक असतो, घोळ होतो तो गाडी वळते तिथं, आणि त्यातल्या निम्म्या वेळी आपण अशा जागी उभे असतो की ड्रायव्हरनं मान मोडून पाहिलं तरी दिसणार नाही. तर मी स्वतः केलेल्या आणि रोज दिसणाऱ्या चुका लिहितोय, महत्त्वाच्या आधी.

चौराहा आला की अजून कडेला सरकणं

ही सगळ्यात मोठी. लहानपणापासून सांगितलेलं असतं, कडेनं चालव. सरळ रस्त्यावर ते बरोबर आहे पण चौराह्याच्या तोंडाशी तेच अंगाशी येतं, कारण डावीकडे वळणाऱ्या गाडीला तुम्ही "थांबलेले किंवा वळणारे" वाटता, आणि तुमच्या उजवीकडे एवढी जागा मोकळी असते की तिथून पुढे काढून वळायचा मोह कोणालाही होईल. शिवाय गल्लीतून बाहेर येणारा माणूस उजवीकडे बघतो ते रस्त्याच्या मधल्या भागात, जिथून कार येते तिथं. कडेला भाजीचा ठेला, उभी असलेली व्हॅन, त्याच्यामागून तुम्ही अचानक उगवता.

उपाय सोपा आहे पण पहिल्यांदा करताना धडकी भरते. चौराह्याच्या साधारण तीस मीटर आधी मागे वळून बघा, जागा असेल तर उजवा हात दाखवा आणि डाव्या लेनच्या मधोमध या. तसेच चौराहा पार करा, पलीकडे गेलात की परत डावीकडे. एवढ्या वीस-पंचवीस सेकंदांत मागचा माणूस हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. हॉर्न वाजवला म्हणजे त्यानं तुम्हाला पाहिलंय, भीती न वाजवणाऱ्याची. अर्थात मागून भरधाव येत असेल आणि जागाच नसेल तर हट्ट करू नका, वेग कमी करून त्याला जाऊ द्या आणि त्याच्या मागे लेनमध्ये शिरा.

मागे बघताना सायकल उजवीकडे ओढली जाते ही बहुतेकांची अडचण असते. खांदा फिरवला की हात फिरतो आणि हातासोबत हँडल. हनुवटी खांद्याला टेकवायची, उजवा हात हँडलवर सैल ठेवायचा, वाटल्यास क्षणभर उचलायचा. रविवारी सकाळी सुपर कॉरिडॉरवर रिकाम्या कडेच्या पट्टीवर दहा-पंधरा मिनिटं सराव केलात की जमतं. पोहे-जिलेबी त्यानंतर.

लाल सिग्नलला चुकीच्या जागी उभं राहणं

आपल्याकडे बऱ्याच चौराह्यांवर डावं वळण फ्री असतं. आणि सरळ जाणारा सायकलवाला नेमका त्याच डाव्या पट्टीत एक पाय फुटपाथला टेकवून उभा असतो, मागून सगळे पेंपें करतात, मग तो अजून आत सरकतो आणि तेवढ्यात शाळेची व्हॅन त्याच्या गुडघ्याला घासून वळते. मी हे गीता भवनला केलंय, दोनदा.

सरळ जायचंय तर सरळ जाणाऱ्यांच्या रांगेत उभे राहा, म्हणजे फ्री लेफ्टच्या पट्टीच्या उजव्या बाजूला. शक्यतो पहिल्या गाडीच्या थोडं पुढे, स्टॉप लाइनच्या आतच पण ड्रायव्हरच्या समोर, बाजूला नाही. पुढे जागा नसेल तर दोन गाड्यांच्या मध्ये, एकाच्या मागे एक असे. कारच्या बरोबरीनं तिच्या डाव्या दाराशी उभं राहणं सगळ्यात वाईट, कारण सिग्नल सुटला की दोघं एकदम निघता आणि त्याला डावीकडे जायचंय हे तुम्हाला पाच मीटर गेल्यावर कळतं.

आणि थांबायच्या आधी गियर हलका करून ठेवा. जड गियरवर पहिली दोन पेडल मारताना सायकल डुलते, नेमकी तेव्हाच आजूबाजूच्या दहा गाड्याही निघतात.

बस किंवा ट्रकच्या डावीकडून घुसणं

याच्यावर थोडं जास्त लिहितो कारण बाकीच्या चुकीत खरचटतं, या चुकीत माणूस जातो.

मोठी बस साधारण १२ मीटर लांब. ती डावीकडे वळते तेव्हा पुढची चाकं मोठा वळसा घेतात पण मागची त्याच वाटेनं येत नाहीत, ती आतल्या बाजूनं, कोपऱ्याला खेटून येतात. म्हणून बसचं तोंड पुढे गेल्यावर कोपऱ्यात भरपूर जागा मोकळी दिसते, सायकलवाल्याला वाटतं निघून जाऊ, आणि ती जागा बघता बघता बंद होते. वरून, डावीकडे वळायच्या आधी मोठी गाडी बऱ्याचदा थोडी उजवीकडे जाते, वळसा पुरावा म्हणून. बघणाऱ्याला वाटतं उजवीकडे चाललीये. तर चौराह्याजवळ बस उजवीकडे झुकली आणि डावीकडे गॅप दिसला तर तो गॅप तुमच्यासाठी नाहीये, मागेच थांबा.

एक साधी खूण: बसच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. अगदी टेकून पुढे उभं राहणंही नको, ट्रकच्या नाकाखाली दोन-तीन हाताचा पट्टा ड्रायव्हरला वरून दिसतच नाही.

समोरून उजवीकडे वळणारी गाडी: तो थांबेल असं धरून चालणं

तुम्ही सरळ चाललाय, समोरून येणारा त्याच्या उजवीकडे, म्हणजे तुमच्या रस्त्यावरून आडवा वळतोय. यात दोन प्रकार आहेत.

पहिला, तुम्ही मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूला लपलेले असता. ती पुढे निघून जाते, समोरच्याला वाटतं रस्ता मोकळा झाला, तो ॲक्सिलेटर दाबतो आणि तुम्ही त्या गाडीमागून प्रकट होता. दुसरा आपल्या जाममधला खास प्रकार: गाड्यांची रांग उभी असते, एखादा सज्जन माणूस हात करून समोरच्याला म्हणतो "निकल भिया", आणि तो भिया निघतो, पण तुम्ही त्या उभ्या रांगेच्या डावीकडून वीसच्या स्पीडनं येत असता. त्या सज्जन माणसानं तुम्हाला पाहिलेलं नसतं, वळणाऱ्यानंही नाही. उभ्या रांगेत मध्येच एका गाडीपुढे मोकळी जागा दिसली, की त्यातून काहीतरी आडवं येणार असं समजूनच ब्रेकवर बोटं ठेवा.

हिशोब बघा. ताशी २० किलोमीटरला सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला तर तेवढ्यात एका कारच्या लांबीहून जास्त अंतर संपलेलं असतं, ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर. कोरड्या रस्त्यावर थांबायला एकूण आठ-नऊ मीटर जातात. रिम ब्रेकवाली (चाकाच्या कडीवर रबर घासून थांबणारी) सायकल पावसात असेल तर पहिली एक-दोन चक्कर रिम पुसण्यातच जातात, म्हणून ओल्या दिवसात चौराह्याच्या आधीच ब्रेक हलका टेकवून रिम कोरडी करून ठेवायची.

डोळ्यात बघितलं म्हणजे त्यानं पाहिलं असं समजणं

सगळे सांगतात ड्रायव्हरशी नजरानजर करा. करा, पण त्यावर विसंबू नका. माणूस झटकन डावी-उजवीकडे बघतो तेव्हा नजर उड्या मारत जाते आणि उडीच्या मधलं काही मेंदू नोंदवतच नाही, त्यात सायकल म्हणजे समोरून एक उभी रेघ. कारच्या काचेच्या बाजूचा जाड खांब त्या रेघेला आरामात झाकतो. आणि आता काळ्या फिल्मा, डोळे दिसतात तरी कुठे.

मी पुढचं चाक बघतो. चेहरा फसवतो, इंडिकेटर तर आपल्या शहरात नवसाचा असतो, पण चाक फिरल्याशिवाय गाडी वळत नाही. उभ्या गाडीचं चाक जरा जरी हललं तरी रिमच्या डिझाइनवरून लगेच कळतं, बोनेट हलायच्या आधी. चालत्या गाडीचं म्हणाल तर ओव्हरटेक करून पुढे गेली आणि स्पीड कमी झाला, आणि पुढे डावीकडे गल्ली, पंप नाहीतर मिठाईचं दुकान असेल, तर ती वळणार हे धरूनच चाला. मला महू नाक्याला हे सगळं दिसत होतं, मी फक्त "सरळच जाईल" म्हणत पेडल मारत राहिलो.

उन्हाचं एक सांगायचं राहिलं. सकाळी आणि संध्याकाळी तुमची सावली लांब, बरोबर समोर पडत असेल तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यावर थेट ऊन आहे. तुम्हाला तो लख्ख दिसतो, म्हणून वाटतं त्यालाही आपण दिसतोय. त्याला नुसता उजेड दिसतोय.

राँग साइडनं "फक्त एवढंच"

"फक्त एवढंच, पुढच्या कटपर्यंत." सगळे करतात, मीही केलंय. डावीकडे वळून रस्त्यावर येणारा ड्रायव्हर उजवीकडेच बघतो, कारण गाड्या तिकडूनच येतात. तुम्ही त्याच्या डावीकडून येताय, तो मान तिकडे वळवणारच नाही आणि उजवीकडे बघत बघतच तुमच्या अंगावर येणार. यावर काही युक्ती नाही, उतरा आणि सायकल हातात धरून चाला.

उजवीकडे वळताना मध्ये लटकणं

पलासिया किंवा विजय नगरसारख्या मोठ्या चौराह्यावर उजवीकडे जायचं असेल तर मधोमध जाऊन चारी बाजूच्या गाड्यांत अडकू नका. सिग्नलला सरळ पार करा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात थांबा, सायकल उजवीकडे तोंड करून उभी करा आणि त्या रस्त्याचा सिग्नल सुटला की त्यांच्यासोबत सरळ निघा. एक मिनिट जास्त लागतो. एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) तर हेच करा. २०१३ साली सुरू झालेल्या बीआरटीएसच्या (बससाठी रस्त्याच्या मधोमध राखलेल्या वेगळ्या पट्टीच्या) रेलिंगची आपल्याला इतकी वर्षं सवय, २०२५ पासून ती काढायला घेतली, आणि जिथून कधी काही आडवं येत नव्हतं तिथून आता कोण कधी वळेल सांगता येत नाही. जुन्या अंदाजानं चालवू नका.

गोल चक्कर असेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियमच आहे (पाळतात किती ते सोडा). चक्करमध्ये बाहेरच्या कडेला चिकटून अर्धा फेरा मारू नका, प्रत्येक फाट्यावर बाहेर पडणारी गाडी तुम्हाला कापून जाईल. लेनच्या मध्ये राहा आणि बाहेर पडायच्या आधी डावा हात दाखवा.

कानात इयरफोन, रात्री बिनदिव्याची सायकल, यावर वेगळं काय लिहू. मागे लाल ब्लिंकर, पुढे पांढरा दिवा, आणि पुढचा जरा खाली झुकवलेला.

गाडी वळलीच, आता काय

बहुतेक जण इथं नुसता ब्रेक दाबतात, तोही पुढचा पूर्ण, आणि हँडलवरून पलटी खातात. दोन्ही ब्रेक एकत्र दाबायचे, पार्श्वभाग मागे ढकलायचा. थांबणं शक्य नाही असं दिसलं तर गाडीसोबतच डावीकडे वळा, तिच्या बरोबरीनं गल्लीत शिरा. गल्ली आपली नाही म्हणून काय झालं. हे वळण जोरात घ्यावं लागतं आणि सवय नसेल तर त्या क्षणी सुचत नाही, म्हणून मैदानात पाण्याची बाटली ठेवून तिच्या अगदी जवळ येऊन झटकन डावीकडे काढायची प्रॅक्टिस करा. आमच्या मुलाला हा खेळ वाटतो, तो माझ्यापेक्षा चांगलं करतो.

पडल्यावर लगेच "काही नाही, काही नाही" म्हणून निघून जाणं

ही शेवटची चूक आणि माझी स्वतःची. लोक जमतात, लाज वाटते, माणूस उठतो, चेन बसवतो आणि निघतो. आधी बाजूला बसा. डोकं आपटलं असेल, मळमळत असेल तर सायकल विसरा, १०८ ला फोन करा. गाडीचा नंबर आणि जागेचा फोटो घेऊन ठेवा, भांडण नसलं तरी.

आणि सायकल तपासल्याशिवाय चढू नका. चाक फिरवून बघा, ब्रेकला घासतंय म्हणजे रिम आउट झाली. हँडल सरळ आहे का, चिमटा (पुढचं चाक धरणारे दोन पाइप) मागे दबलाय का. मी यातलं काही केलं नाही, तसाच अन्नपूर्णा रोडनं घरी आलो आणि पुढचे चार दिवस तीच सायकल पलासियापर्यंत चालवली. पाचव्या दिवशी पंक्चर काढायला गेलो तर दुकानातल्या काकांनी पंक्चर बाजूला ठेवलं, हँडलच्या खाली, जिथं फ्रेमचा खालचा पाइप सुरू होतो तिथं अंगठ्याचं नख फिरवलं आणि मला म्हणाले, "हात लावून बघा." रंगाला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, पाइप आतून दबला होता. काकांनी विचारलं कुठवर चालवलीत, मी सांगितलं, तर त्यांनी सायकल उचलून दुकानाच्या आत नेऊन ठेवली आणि म्हणाले, रिक्षानं जा.