आइस एज ट्रेल तुकड्यातुकड्यांनी चालताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शेवटच्या हिमयुगातल्या हिमस्तराची कड जिथे थबकली, साधारण तिच्याच मागोमाग आइस एज ट्रेल जाते. लांबी सुमारे १,९०० किलोमीटर. एवढं सलग चालायला सुट्टी कुणाला मिळणार? म्हणून बहुतेक जण शनिवार-रविवार गाठून एकेक तुकडा पुरा करतात. मिलवॉकी-शिकागोकडच्या मराठी मंडळींची सुरुवात बहुधा केटल मोरेनच्या जंगलातून होते.

पहिली चूक सह्याद्री चढलेल्यांची. नकाशात उंची बघून 'यात काय चढायचंय?' म्हणतात आणि एका दिवसात तीस किलोमीटर ठरवतात. इथे मोठा डोंगर नाही हे खरं, पण सपाटीही नाही. हिमस्तराच्या दोन जिभा जिथे एकमेकींना भिडल्या, तिथे त्यांनी वाहून आणलेल्या वाळू-गोट्यांचा हा ढीग आहे. मातीत गाडलेले बर्फाचे प्रचंड तुकडे मागाहून वितळले, वरची जमीन खचली आणि कढईसारखे खोल खड्डे पडले. हेच केटल. वाट त्यांच्या काठाकाठाने दिवसभर वर-खाली होत राहते. ऑक्टोबरात ओकच्या पानांखाली गोल गोटे लपतात, पाऊल ठेवलं की घोटा वळतो. पहिल्या दिवशी पंधरा किलोमीटर पुरेत. काठ्या घ्या, गुडघे दुवा देतील.

पाण्याचं गणितही इथेच चुकतं. एवढी हिरवी झाडी, म्हणजे ओढा लागेलच असं वाटतं. पण वाळू-गोट्यांतून पाणी झिरपून जातं, टेकाडावर ओढा क्वचितच. काही केटल कोरडे, काहींत दलदल. प्यायचं पाणी पाठीवर हवंच.

गोचिडीबद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं. मे ते जुलैत पिल्लू-गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. एकदा घरी आल्यावर गुडघ्यामागे मातीचा ठिपका म्हणून मी बोटाने पुसायला गेले, तर तो हलेना. भिंगातून पाहिलं तेव्हा पाय दिसले. लाइम आजार हिच्यामुळेच होतो. पँट मोज्यांत खोचा, गवताला घासू नका आणि त्याच संध्याकाळी काखा, जांघा, कानामागे, केसांत नीट तपासा. सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावू नका, चटका देऊ नका. नंतर ताप आला किंवा लाल चकंदळ उठलं, तर डॉक्टरांना 'गोचीड चावली होती' हे आधी सांगा.

वाट हरवली तर? खुणा पिवळ्या पट्ट्यांच्या आहेत. निळ्या पट्ट्या फाट्यांच्या. पाच-दहा मिनिटं पिवळी पट्टी दिसली नाही, तर पुढे रेटू नका, शेवटच्या पट्टीपाशी परत या.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुमारास नऊ दिवस बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. खासगी जमिनीवरचे काही तुकडे तेव्हा बंद ठेवतात. जे उघडे असतात तिथेही भडक नारिंगी जाकीट-टोपीशिवाय पाऊल टाकू नका.

आणि हिशेब ठेवा. जंगलातून आखलेली वाट सुमारे ११०० किलोमीटरच आहे, उरलेलं अंतर सध्या गावरस्त्यांवरून जोडलंय. तो डांबरी भाग 'नंतर बघू' म्हणून सोडला, की मध्येमध्ये भोकं राहतात आणि दोन किलोमीटरसाठी पुन्हा चार तास गाडी हाकावी लागते. जिथे थांबलात त्या पार्किंगच्या पाटीचा फोटो काढा. पुढच्या वेळी त्याच पाटीपासून पाऊल उचला.