गच्चीवर काठी उभी करून खरी उत्तर दिशा कशी काढायची

फ्लॅट बघायला गेलं की आधी मोबाईलमधला कंपास उघडला जातो, पण बिल्डिंगच्या सळ्या, लिफ्ट, खाली लावलेल्या गाड्या या सगळ्याने तो भरकटतो. कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजणी पण विजेच्या ट्राम येणार म्हणूनच 1904 मध्ये अलिबागला न्यावी लागली. त्यापेक्षा उत्तर उन्हातून काढा, कारण दिशा मुळात पृथ्वीच्या फिरण्यातून येतात, ती ज्या आसाभोवती फिरते त्याची टोकं म्हणजे ध्रुव आणि जिकडे फिरते ती पूर्व.

गच्चीवर सपाट जागी हातभर काठी ओळंब्याने एकदम सरळ उभी करा. अकराच्या सुमाराला सावलीच्या टोकाला खडूने खूण करा आणि काठीच्या बुडाशी दोरी धरून त्या खुणेतून जाणारं वर्तुळ काढा. मग सावली आखूड होत जाते, नंतर परत वाढते, आणि दुपारी टोक वर्तुळाला टेकलं की तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम, आणि काठीपासून त्या रेघेच्या बरोब्बर मध्यावर ओढलेली रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण.

बाराला सावली सगळ्यात आखूड असेल असं धरू नका. आपलं घड्याळ 82.5 रेखांशाचं, मुंबई 73 च्या जवळ, आणि एक अंश फिरायला पृथ्वीला 4 मिनिटं लागतात, म्हणून आपली मध्यान्ह 12:40 च्या आसपास, महिन्याप्रमाणे पाव तास मागेपुढे.

हे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, ऊन स्वच्छ आणि सावली लांब असते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत नको, कारण आस 23.4 अंश कललेला आहे आणि आपण 19 अक्षांशावर, त्यामुळे त्या दिवसांत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला जातो, सावली दक्षिणेला पडते आणि ती पण इवलीशी.

रेघा ऑइलपेंटने पक्क्या करून ठेवा, पावसाळ्यात फार कामाला येतात. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून निघालेला वारा इकडे येताना पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो, म्हणून मान्सून आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतो. तुमच्या कुठल्या खिडक्या दक्षिण आणि पश्चिम रेघेच्या मधल्या बाजूला उघडतात ते बघा आणि वॉटरप्रूफिंग, पत्रे, ताडपत्री जे काय करायचं ते मेमध्येच आधी तिथे करून घ्या.