कुंडीतलं अंजीर: छाटणी, पाणी आणि तांबेरा

अंजीर जगवायला सोपं, पण फळ खायला मिळेलच असं नाही. झाड फुटवे काढत राहतं, पावसाळ्यात तांबेरा हा पानांचा बुरशीरोग येतो, पानं झडतात आणि हिरव्या गोट्या तशाच वाळतात. गच्चीवर हेच टाळायचं आहे.

वाण पूना अंजीर घ्यावा. सासवड-पुरंदरच्या बागांतला हाच. तो परागीभवनाशिवाय फळ धरतो, त्यामुळे एक झाड पुरतं.

जानेवारी-फेब्रुवारीत पेन्सिलीएवढी जाड, पक्क्या लाकडाची, वीतभर काडी घ्या. फूट येते ते चार-पाच डोळे हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्या, चीक सुकू द्या आणि निम्मी काडी मातीत खोचा. पानं मुळांच्या आधी फुटतात. त्यांना भुलून काडी उपटून पाहू नका. दोन-तीन महिने सावलीत ठेवून मग मोठ्या कुंडीत हलवा.

कुंडी किमान 18 इंची. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड. निव्वळ काळी माती नको, पाणी तुंबून मुळं कुजतात. ऊन निदान सहा तास.

फळ नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात येतं. म्हणून छाटणी नाही तर फळही बेताचंच. अंजिराचे बहार दोन, उन्हाळी मीठा आणि पावसाळी खट्टा. घरासाठी मीठा बहार बरा: पाऊस ओसरला की पाणी तोडून झाडाला ताण द्या, पानं पिवळी पडू लागली की ऑक्टोबरच्या सुमारास गेल्या हंगामाच्या फांद्यांवर दोन-तीन डोळे राखून बाकीचं कापा. मग शेणखत घालून पाणी सुरू करा. फळं उन्हाळ्याच्या तोंडावर मिळतात. पावसात पिकणारं खट्ट्या बहाराचं फळ पाणचट होतं आणि लवकर आंबतं.

फळ फुगताना पाण्यात धरसोड नको. चार दिवस कोरडं ठेवून एकदम बादली ओतली की फळ तडकतं. बोटभर खाली माती कोरडी लागली की पाणी द्या, पण बुंध्याशी; पानं भिजवू नका.

पानं भिजली की तांबेऱ्याचं फावतं. पान उलटं करून पाहा: तपकिरी-नारिंगी पूड बोटाला लागली तर तोच. गळलेली पानं गोळा करून फेका, आळ्यात कुजवू नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला एक टक्का बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारा. एक लिटरला 10 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 10 ग्रॅम चुना. प्लॅस्टिकच्या दोन भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळं विरघळवून एकत्र ओता. त्यात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घाला, नाहीतर पानं करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा, पिकत्या फळांवर मारू नका.

अंजीर तोडल्यावर पिकत नाही, म्हणून घाई अंगाशी येते. फळ मऊ होऊन मान टाकतं, तेव्हा तोडा. देठातून पांढरा चीक आला तर एक-दोन दिवस आधीच हात घातलात. अंगाला लागलेल्या चिकावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते, तेव्हा छाटताना-तोडताना हातमोजे घाला. आणि पिकायच्या आठवडाभर आधी फळांना जाळीची पिशवी बांधा. बुलबुलांना पिकल्याचं आपल्याआधी कळतं.