रशियन शिकताना मराठीच कामी आली

मॉस्कोतल्या पहिल्या आठवड्यात मी रोज दूध-पाव घेऊन काउंटरवर जायचे. तिथल्या बाई भरभर काहीतरी विचारायच्या, मी मान हलवायचे आणि त्या पिशवीचे पैसे लावायच्या. खोलीत सात-आठ पिशव्या साठल्या, तेव्हा वर्गात शिक्षिकेला विचारलं. प्रश्न दोनच होते. ‘कार्ता येस्त?’ म्हणजे दुकानाचं कार्ड आहे का, आणि ‘पाकेत नूझेन?’ म्हणजे पिशवी हवी का. दुसऱ्या दिवशी मी ‘न्येत, स्पासीबा’, म्हणजे नको, धन्यवाद, म्हटलं. परक्या शहरात मला कळलेला आणि मी उत्तर दिलेला तो पहिला प्रश्न.

विद्यापीठाच्या शिक्षणाआधी परदेशी मुलांना भाषेचं एक तयारीचं वर्ष असतं, त्याला सगळे पोदफाक म्हणतात. आमचे वर्ग आठवड्यातून सहा दिवस, रोज चार-पाच तास असत. सुरुवातीचे दिवस नुसते उच्चारांचे. ३३ अक्षरं आठवड्यात वाचता येतात, त्याचा बाऊ करू नका. फळ्यावर मात्र शिक्षिका छापील अक्षरं काढत नाहीत, गिरवलेली काढतात. त्यात ‘त’ इंग्रजी एमसारखा दिसतो आणि ‘श’, ‘इ’, ‘ल’ एका रांगेत आले की नुसत्या वाकड्या रेघांची माळ दिसते. निघण्याआधी घरी एक वही हे अक्षर गिरवून भरा. मी भरली नव्हती, आणि पहिला महिना फळा उतरवून घेण्यातच गेला.

माझी खरी चूक वेगळी होती. प्रत्येक वाक्य मी आधी इंग्रजीत जुळवायचे आणि मग रशियनमध्ये न्यायचे. ‘मला आवडतं’ला रशियनमध्ये ‘मन्ये नरावित्सा’ म्हणतात. इंग्रजीतून गेलं की कर्ता चुकतो, मराठीतून गेलं की वाक्य जागच्या जागी बसतं : मन्ये म्हणजे मला. थंडी ‘मला’ वाजते, तिथेही ‘मन्ये खोलद्ना’. ‘हा माझा भाऊ’ म्हणताना आपण ‘आहे’ गाळतो, तेही गाळतात : ‘एता मोय ब्रात’. तू आणि तुम्हीसाठी ‘ती’ आणि ‘वी’ आहेत, आणि कुणाला काय म्हणायचं हे आपल्याला आईच्या धाकानेच शिकवलेलं असतं. नरावित्साच्या शेवटचा ‘त्सा’ तर ‘त्याचा’मधला ‘चा’च आहे. ‘चमचा’तला च आणि ‘चार’मधला च त्यांच्याकडे दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि आपल्याला दोन्ही बोलता येतात.

सहा विभक्त्यांना वर्गातली बरीच मुलं घाबरली. पुणे, पुण्यात, पुण्याहून हे आपण विचार न करता बोलतो, तसंच ‘मास्क्वा’, ‘व मास्कव्ये’, ‘इझ मास्कवी’, म्हणजे मॉस्को, मॉस्कोत, मॉस्कोहून. लिंगंही तीनच, आणि शब्दाच्या शेवटावरून ती बहुतेक वेळा ओळखता येतात. आपल्या मराठीत ती सोयही नाही. क्रियापदांच्या जोड्या मला ‘वाचत होते’ आणि ‘वाचून काढलं’ यावरून उमगल्या. रशियनमध्ये त्यासाठी ‘चिताला’ आणि ‘प्रचिताला’ अशी दोन क्रियापदं आहेत.

मराठी जिथे संपते तिथे मात्र घोकंपट्टीच करावी लागते. पायी जाणं आणि वाहनाने जाणं यांची क्रियापदं वेगळी. संख्येनुसार शब्दाचं रूप बदलतं : अदीन रूब्ल, द्वा रूब्ल्या, प्यात रुब्ल्येय, म्हणजे एक, दोन, पाच रूबल. शब्दातला जोर सगळ्यात दगा देतो. ‘झमोक’ म्हणजे कुलूप, जोर पहिल्या अक्षरावर आला की ‘झामक’ म्हणजे किल्ला. हॉस्टेलच्या दारावरच्या आजींना मी खोलीचा किल्ला मोडल्याचं सांगितलं. त्यांनी शब्द दोनदा म्हणवून घेतला आणि मगच माणूस पाठवला. तेव्हापासून प्रत्येक नवा शब्द वहीत जोराची खूण करूनच लिहिते.

या आजींशी रोज दहा मिनिटं बोलायचं मी ठरवलं. वर्गात जे रूप शिकले ते त्याच संध्याकाळी त्यांच्यापुढे वापरायचं, एकच वाक्य. त्यांना नाव आणि वडिलांच्या नावावरून झालेलं दुसरं नाव जोडून हाक मारायची, हा तिथला आदर. आपल्याकडे वडिलांचं नाव कागदावर मधोमध असतं, तिथे ते बोलण्यात येतं. माझ्या वडिलांचं नाव विचारून त्यांनी मलाही तशी हाक मारली तेव्हा मला घरची फार आठवण आली.

मेट्रोत कानाला सराव होतो. ‘अस्तारोझ्ना, द्वेरी झक्रिवायुत्सा’, म्हणजे सावधान, दारं बंद होत आहेत. बहुतेक मार्गांवर शहराच्या मध्याकडे जाताना पुरुषाचा आवाज आणि बाहेर जाताना बाईचा. पुढच्या स्टेशनचं नाव आधी ऐका, मग पाटी बघा. गर्दीत मागून कुणी ‘विखोदित्ये?’ विचारलं तर ते तुम्ही उतरताय का असं विचारतात. उतरणार असाल तर ‘दा’, म्हणजे हो, म्हणा, नाहीतर बाजूला सरका.

प्राथमिक पातळीच्या सरकारी परीक्षेला सुमारे ७८० शब्द लागतात. रोज दहा म्हटले तर अडीच-तीन महिन्यांचं काम. वैद्यकीय शिक्षणाला जाणाऱ्यांनी तिथेच थांबू नये. वर्ग इंग्रजीत असले तरी वॉर्डातला रुग्ण कुठे दुखतंय ते रशियनमध्येच सांगणार. ‘श्तो उ वास बलीत?’, तुमचं काय दुखतंय, हा प्रश्न पहिल्याच वर्षी पाठ करा, आणि त्याला येणारी उत्तरंही.